चित्रांची कोडी आणि म्हातारपणचा मेंदू

प्रश्न : ताई, मी वीज मंडळातून निवृत्त झालो, नागपूरला मानेवाड्यात राहतो. नातू शाळेच्या स्कॉलरशिपला बसतो आहे. त्याच्या बुद्धिमत्ता चाचणीच्या पुस्तकातली चित्रांच्या सांकेतिक भाषेची कोडी सोडवता सोडवता मलाच त्यांचा नाद लागला. तो म्हणतो, ‘आबा, काऊन एवढं डोकं लावून राहिले?’ खरं कारण असं, की माझ्या मोठ्या भावाला स्मृतिभ्रंश झाला, त्याची धास्ती आहे. या कोड्यांनी मेंदू शाबूत राहील का? मुलगा मेंदूच्या व्यायामाचं एक अ‍ॅप वर्षाचे पैसे भरून घ्या म्हणतो. टीव्ही मोठ्यानं लावतो म्हणून सूनबाई आधीच चिडते, त्यात हे वेड!
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : आबा, नाद चांगला आहे, सोडू नका. पण ही कोडी म्हणजे स्मृतिभ्रंशावरची लस नव्हे.

अमेरिकेत 65 वर्षांवरच्या 2,832 जणांवर एक मोठा प्रयोग झाला. कुणाला स्मरणाचा सराव दिला, कुणाला क्रमातलं सूत्र ओळखण्याचा, कुणाला नजरेच्या वेगाचा. ज्यानं जे घोटलं, त्यात तो सुधारला. सूत्र ओळखणाऱ्यांची ती कमाई दहा वर्षांनीही बरीचशी टिकून होती. तुमची कोडी याच जातीची, म्हणून हे सांगते. मात्र एका सरावानं दुसरी शक्ती वाढली नाही. 2010 साली ब्रिटनमध्ये 11,430 जणांवर झालेल्या प्रयोगातही लोक त्या त्या खेळात तरबेज झाले, खेळाबाहेर फारसा फरक दिसला नाही. तेव्हा कोडी सोडवली म्हणून चष्मा कुठे ठेवला ते आठवेल, ही आशा नको.

मग मिळतं काय? हे सोडवून बघा. सूर्य, पान, मासा आणि चांदणी या चार चित्रांत चार शब्द लपलेत, एक चित्र म्हणजे एक अक्षर : कमल, कलम, कनक, नमक. त्यातले दोन असे लिहिलेत : ‘सूर्य-चांदणी-सूर्य’ आणि ‘चांदणी-पान-सूर्य’. पहिल्याची दोन्ही टोकं सारखी, तसा शब्द एकच, कनक. म्हणजे सूर्य हा ‘क’, चांदणी ‘न’. ‘न’नं सुरू होतो तो नमक, म्हणून पान ‘म’. मासा उरला, तो ‘ल’. इथे चित्रं डोळ्यांपुढे धरायची, अंदाज बांधायचा, जमला नाही तर मोडायचा, आणि आधी काय ठरवलं होतं ते विसरायचं नाही. व्यायाम होतो तो या मोडण्या-बांधण्याचा.

जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकानं ब्राह्मी ही आपली प्राचीन लिपी 1837 साली अशीच फोडली. सांचीच्या कठड्यांवरचे छोटे लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात हे त्याच्या नजरेत भरलं. हे तर देणगीदारांचे लेख, मग शेवटी ‘दानं’ असणार, असा त्यानं तर्क केला आणि दार उघडलं. कधी भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला गेलात, तर तिथल्या स्तूपाच्या ब्राह्मी लेखांची चित्रं मिळवून बघा. पुस्तकातल्या कोड्यांपेक्षा त्यात जास्त मजा आहे, हे माझं पक्षपाती मत.

एकाच प्रकारची कोडी झटझट सुटू लागली की ती बदला. हात आपोआप चालायला लागला, तर तो नुसता विरंगुळा. विरंगुळ्यालाही माझी ना नाही म्हणा! त्याहून चांगलं म्हणजे कोडं स्वतः रचा. त्यात एकच उत्तर निघावं, हे साधताना घाम फुटतो. नातवाला परीक्षेसाठी घड्याळ लावावं लागेल, तुम्ही लावू नका.

अ‍ॅपचे पैसे वाचवा. ‘लुमॉसिटी’ नावाच्या अशाच एका अ‍ॅपच्या कंपनीला स्मृती वाचवण्याचे आधाराविना दावे केले म्हणून 2016 साली अमेरिकेत वीस लाख डॉलर मोजावे लागले. तेच पैसे कानाच्या तपासणीला लावा. टीव्हीचा आवाज वाढतोय, ही मला तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ वाटली. कमी ऐकू येणं हा स्मृतिभ्रंशाचा एक मोठा टाळता येण्यासारखा धोका मानला जातो. त्याच्या जोडीला रक्तदाब आणि साखर. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जा किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, पण सूनबाईंना सोबत न्या. आवाज किती मोठा असतो, ते त्याच नीट सांगतील.