सात जणांच्या पगाराचा मध्य (म्हणजे सरासरी) ३०,००० आणि मध्यक १८,००० आला, तर खरा कोणता?

दोन्ही बरोबर आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. समजा ते सात पगार, हजारांत, असे: १४, १५, १६, १८, १९, २०, १०८. बेरीज २१०, भागिले ७, म्हणून मध्य ३०. चढत्या क्रमात मधला, म्हणजे चौथा आकडा १८, तो मध्यक.

आता नीट पाहा: सातपैकी सहा जणांना ३० हजारांपेक्षा बरंच कमी मिळतं. तो मध्य एकट्या १०८ नं वर ओढलाय. त्या जागी २४८ ठेवलेत तर मध्य थेट ५० वर जाईल; मध्यक मात्र १८ वरच राहील, कारण त्याला फक्त क्रमाशी देणंघेणं. तो पगार वगळलात तर मध्य १७ आणि मध्यकही १७ (आता सहा आकडे, म्हणून १६ आणि १८ ची सरासरी).

तेव्हा 'इथं साधारण किती पगार मिळतो?' असं कोणी विचारलं, तर मध्यकच सांगा. तिथं ३० हजार सांगणं म्हणजे नोकरीला येणाऱ्याची चक्क दिशाभूल आहे. पगारावरचा एकूण खर्च काढायचा असेल तर मध्य हवा: ३० गुणिले ७, झाले २१०. मध्यकावरून ही बेरीज निघत नाही.

मध्यकावरही डोळे झाकून विसंबू नका. २, ३, ४०, ४१ घ्या. मध्य आणि मध्यक दोन्ही २१.५, आणि त्याच्या आसपास एकही आकडा नाही! आकडे इतके थोडे असतील तर सरळ सगळेच लिहून द्या.