नवोदयसाठी मुलीला निवासी क्लासला पाठवू का?

नवोदय म्हणजे जवाहर नवोदय विद्यालय, केंद्र सरकारची सहावीपासूनची निवासी शाळा. तिच्या प्रवेश परीक्षेबद्दल केळापूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी नुकतीच चौथी पास झाली. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच. घरी पाच एकर कोरडवाहू वावर, त्यात पराटी (कपाशी) आणि तूर. आई लिहितात: ‘पोरगी गणितात हुशार आहे असं मास्तर म्हणतात. तिला नवोदयला लावायचं आहे. शेजारच्या जिल्ह्यातल्या शहरात नवोदयचा निवासी क्लास आहे. वर्षाचे साठ हजार मागतात आणि पाचवीला नाव तिथल्याच शाळेत टाकतात. गावात राहिली तर नंबर लागणार नाही असं ते म्हणतात. तिचे बाबा उसने पैसे काढायला तयार आहेत. तीन किलोमीटरवरच्या मोठ्या गावात सातवीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा आहे, पण तिथं तयारी कोण करून घेणार?’ सोबत मुलीनं सोडवलेल्या अंकगणिताच्या सराव प्रश्नपत्रिकेचे फोटो पाठवले आहेत.

ताई, नमस्कार.

पैसे अजून भरले नसतील तर भरू नका. भरले असतील तर मुलीचा दाखला गावच्या शाळेतून काढायच्या आधी हे पत्र पूर्ण वाचा आणि तिच्या बाबांनाही वाचून दाखवा.

नवोदयच्या सहावीच्या प्रवेशासाठी मूल ज्या जिल्ह्यातून फॉर्म भरतं, त्याच जिल्ह्यात त्याचा रहिवास लागतो आणि पाचवीही त्याच जिल्ह्यातल्या शाळेत चालू असावी लागते. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. तुमच्या जिल्ह्याचं नवोदय घाटंजी तालुक्यात बेलोऱ्याला आहे. मुलीचं नाव दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेत पडलं की बेलोऱ्यासाठी ती अपात्र ठरते. त्या दुसऱ्या जिल्ह्याच्या नवोदयसाठी तिथला रहिवास दाखवावा लागेल, तो तुमच्याकडे नाही. म्हणजे साठ हजार भरून, मुलीला वर्षभर घरापासून लांब ठेवून, तिला परीक्षेला बसताच येणार नाही. हे क्लासवाल्यांनी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.

दुसरा नियम तर खास तुमच्या मुलीसारख्यांसाठीच आहे. नवोदयच्या निदान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत नाव असलं, तरी मूल शहरी धरलं जातं. नगरपरिषद आणि नगरपंचायतीचं गाव शहरी भागात येतं. मारेगाव, राळेगावसारखी तालुक्याची ठिकाणंही आता नगरपंचायती आहेत, हे बऱ्याच पालकांच्या लक्षात येत नाही. ‘तालुक्याला बरी शाळा आहे’ म्हणून ते पाचवीला नाव तिथं टाकतात आणि मुलीच्या हातातला ग्रामीणचा हक्क घालवून बसतात. शहरी धरलेलं मूल परीक्षा देऊ शकतं, पण त्याला उरलेल्या थोड्या जागांसाठी झगडावं लागतं.

म्हणून पाचवीसाठी तीन किलोमीटरवरची ती जिल्हा परिषद शाळाच घ्या. ते गाव ग्रामपंचायतीचं आहे ना, एवढं विचारून घ्या. सायकलवर जाणाऱ्या चार मुली जोडीला मिळतील असं बघा.

आता तुमचा खरा प्रश्न: तयारी कोण करून घेणार? त्यासाठी मी तिच्या प्रश्नपत्रिकेचे फोटो नीट पाहिले. २० पैकी ११ बरोबर आहेत. चौथी संपवलेल्या मुलीनं पाचवीच्या पातळीची गणितं सोडवली आहेत, हे ध्यानात घेता ११ चांगले आहेत. मला जास्त बोलकी वाटली ती चुकलेली नऊ.

एक गणित असं आहे: ४, ६ आणि ८ या तिन्हींनी नि:शेष भाग जाणारी सर्वांत लहान चार अंकी संख्या कोणती? तिनं लसावि बरोबर काढला, २४. मग १००० ला २४ ने भागलं, भागाकार ४१, बाकी १६. इथवर सगळं नेटकं आहे. पुढे तिनं ती बाकी १००० मध्ये मिळवली आणि १०१६ वर खूण केली. मिळवायचे होते २४ उणे १६, म्हणजे ८, आणि उत्तर १००८. पेपर काढणारे १०१६ हा पर्याय मुद्दाम देतात, कारण मुलं नेमकी इथंच घसरतात. तिला ओरडू नका, कोणती युक्तीही पाठ करायला लावू नका. ‘१०१६ ला २४ ने भागून बघ बरं’ एवढंच म्हणा. बाकी ८ उरलेली तिला स्वतःला दिसली की ते गणित तिला कायमचं कळेल.

दुसरं गणित कापसाचं आहे. ३ क्विंटल ५ किलो कापूस, भाव क्विंटलला ७,००० रुपये, तर किती रुपये झाले? तिनं ३ क्विंटल ५ किलो म्हणजे ३.५ क्विंटल धरलं आणि २४,५०० उत्तर काढलं. खरं तर ते ३.०५ क्विंटल आहे, उत्तर २१,३५० रुपये. ही दशांश अपूर्णांकाची चूक आहे आणि तुमच्या भागातल्या बहुतेक मुलांच्या वहीत मला ती सापडते. गंमत म्हणजे हीच मुलं काट्याजवळ उभी राहून बापाचा हिशेब तोंडी बरोबर सांगतात. पाच किलो म्हणजे अर्धा क्विंटल नव्हे, हे तुमच्या मुलीला पक्कं ठाऊक आहे. वहीत ते टिंबाच्या पुढे मांडायचं कसं, एवढंच तिला कोणी दाखवलेलं नाही. हे तिच्या बाबांना करता येईल. कापूस, तूर, खताची गोणी, मजुरी, ज्या ज्या वेळी घरात हिशेब होतो त्या वेळी तो तिच्याकडून वहीत दशांशात लिहून घ्यायचा. क्विंटल-किलो, मीटर-सेंटिमीटर, रुपये-पैसे, लीटर-मिलिलीटर. पावसाळा संपेपर्यंत एवढं झालं तरी तिचे दोन-तीन प्रश्न वाढतील.

तिसरी चूक गणिताची नाहीच. ‘खालीलपैकी कोणती संख्या मूळ नाही?’ पर्याय २३, २९, ३७, ५१. तिनं २३ वर खूण केली. ‘मूळ’ हा शब्द वाचला आणि ‘नाही’ वाचायच्या आत हात पुढे गेला. नऊपैकी तीन चुका अशाच वाचण्यातल्या आहेत. माझ्या मते तयारीची सुरुवात इथून व्हायला हवी. नवोदयच्या पेपरात चार उतारे आणि त्यांवर वीस प्रश्न असतात, तिथंही वाचनच लागतं. रोज संध्याकाळी तिनं अर्धा तास मोठ्यानं वाचावं, तुम्ही भाकरी करता करता ऐकावं आणि ‘काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग’ म्हणावं. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक मोबाइलवर फुकट मिळतात. ते संपले तर घरात येईल ते वर्तमानपत्र चालेल.

पेपर कसा असतो तेही सांगते, कारण फोटोंत फक्त अंकगणित दिसलं. एकूण ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यातले ४० प्रश्न, म्हणजे निम्मे गुण, आकृत्यांच्या बुद्धिमत्ता चाचणीचे. अंकगणिताचे २० आणि भाषेचे २० प्रश्न प्रत्येकी २५ गुणांचे. तिन्ही भागांत वेगवेगळं पात्र व्हावं लागतं, म्हणून गणितात हुशार असून भागत नाही. पेपर मराठीतून देता येतो. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. उत्तरं बॉलपेननं गोल काळा करून द्यायची असतात आणि भरलेला गोल खोडता येत नाही. आतापर्यंत पेन्सिलीनं लिहिणाऱ्या मुलीला याची सवय दिवाळीच्या आत लागली पाहिजे.

आकृत्यांचा भाग मुलं घरी शिकू शकतात. वेगळी आकृती ओळखणं, आकृत्यांची मालिका, आरशातली प्रतिमा, कागदाची घडी घालून छिद्र पाडलं तर उघडल्यावर कसं दिसेल, असे प्रकार असतात. भिंतीवरचा आरसा काढून आकृतीशेजारी उभा धरा, जुन्या पेपरची घडी घालून कात्रीनं भोक पाडा. चार-पाच दिवस हातानं केलं की पुढे डोळ्यांनी जमतं. बाजारात मिळणारं नवोदयचं एक मार्गदर्शक पुस्तक आणि मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका एवढं साहित्य पुरतं. तीन-चार पुस्तकं आणून ढीग लावू नका.

क्लासमध्ये काहीच चांगलं नसतं असं मी म्हणत नाही. घड्याळ लावून भरपूर पेपर सोडवून घेतात, ते कामाचं असतं. नव्या शाळेचे मुख्याध्यापक आणि तुमचे केंद्रप्रमुख यांना भेटा. केंद्रातल्या दोन-तीन शाळांतली पाचवीची मुलं शनिवारी एकत्र बसवून सराव पेपर घ्यायला तयार होणारे शिक्षक आपल्याकडे आहेत, फक्त पालकांनी जाऊन म्हणावं लागतं. तुमच्या मुलीसोबत आणखी दहा मुलांचं भलं होईल.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. तोवर सकाळी उन्हं तापायच्या आत दीड तास पुरे. पंचवीसपर्यंत पाढे, अपूर्णांक, लसावि-मसावि. शाळा उघडली की मुख्याध्यापकांना सांगून ठेवा, कारण साधारण त्याच सुमारास ऑनलाइन फॉर्म सुरू होतात आणि त्यांच्या सहीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. फॉर्मला फी नाही. सेतू किंवा नेट कॅफेवाला भरून देण्याचे पैसे घेईल तेवढेच.

एक विनंती हात जोडून करते. परीक्षा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास येते, म्हणजे ऐन वेचणीत. त्या दिवसांत लहान भावाला सांभाळायला किंवा वेचायला तिला शाळेतून घरी ठेवू नका. मजूर मिळत नाहीत हे मला माहीत आहे. तरी ते दोन महिने सोडा.

जागांचंही खरं सांगते. एका नवोदयमध्ये सहावीला फार तर ८० मुलं घेतात आणि यवतमाळ जिल्ह्यात तालुके १६ आहेत. एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात, ही तुमच्या बाजूची गोष्ट. पण तयारी केलेल्या मुलांपैकीही बहुतेकांचा नंबर लागत नाही. हे तिला परीक्षेच्या आधी सांगा, निकालाच्या दिवशी नको. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. ‘पाचवीत पुन्हा बसवा, परत देऊ’ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. तसं मूल पात्रच राहत नाही आणि त्याचं वर्षही जातं.

नंबर लागला तर राहणं, जेवण, पुस्तकं सरकारकडून. पुढे मुलांना नववीपासून महिन्याचा विकास निधी असतो, पण मुलींना तो माफ आहे. देशातल्या पहिल्या दोन नवोदयांपैकी एक १९८५-८६ मध्ये अमरावतीला सुरू झालं. आपल्या भागातल्या कास्तकारांची कितीतरी लेकरं या शाळांमधून शिकून पुढे गेली आहेत, म्हणून तुमची धडपड मला मनापासून पटते.

नाही लागला तर आठवीत दोन दारं आहेत. नववीत रिकाम्या झालेल्या जागांसाठी नवोदयची वेगळी परीक्षा असते, अडीच तासांची. तिच्यात गणिताचे ३५, विज्ञानाचे ३५, हिंदी आणि इंग्रजीचे १५-१५ प्रश्न असतात. सहावीपासून इंग्रजी वाचायची सवय ठेवली तर ती तेव्हा तयार असेल. आणि एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल, तर निवड झाल्यावर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. तिच्यातही बुद्धिमत्ता, गणित, विज्ञान आहेच, त्यामुळे या वर्षी आकृत्यांचा आणि गणिताचा केलेला सराव तिथं उपयोगी पडेल.

साठ हजारांसाठी उसनवारी करू नका. पुस्तकं, बॉलपेन, प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स आणि जमली तर एक सायकल, एवढा खर्च करा. चुकलेली नऊ गणितं तिनं एका वेगळ्या वहीत पुन्हा सोडवावीत, शेजारी ‘कुठे चुकलं’ हे स्वतःच्या शब्दांत लिहावं आणि त्या पानांचे फोटो मला पाठवावेत. आकृत्यांचा एक पेपरही सोडवून पाठवा. त्यातला कुठला प्रकार तिला जड जातो ते पाहून पुढचं लिहिते.