'माउली आले' की 'माउली आली'?

गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका छापायला देणाऱ्या एका वाचकाने तीन प्रश्न विचारले आहेत. शब्द 'माउली' असा लिहावा की 'माऊली' असा; 'माउली आले' हे बरोबर की 'माउली आली' हे; आणि ज्ञानेश्वरांखेरीज आज हयात असलेल्या एखाद्या महाराजांच्या नावामागे हा शब्द लावणे योग्य आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत संपते. उरलेले दोन मात्र एकमेकांत इतके गुंतले आहेत की व्याकरणाचा धागा ओढला की संप्रदायाचा धागा आपोआप हाती येतो.

सध्याच्या शुद्धलेखननियमांप्रमाणे मराठी शब्दाचे शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार किंवा उकार ह्रस्व होतो. म्हणून महिना, गरिबी, बाहुली आणि तसेच माउली. 'पाऊस' या अकारान्त शब्दातला ऊ दीर्घ असतो, त्याच्याकडे पाहून 'माऊली' लिहू नये. फलकांवर, ट्रकच्या मागे आणि रसवंतीच्या पाटीवर 'माऊली' सर्रास दिसते, त्याचे कारण बहुधा गाताना आणि हाक मारताना तो स्वर लांबतो हे असावे. पत्रिकेत ह्रस्व ठेवावा.

आता लिंगाचा प्रश्न. 'माउली' म्हणजे आई. माय, मावशी या शब्दांच्या कुळातलाच हा शब्द. तो स्त्रीलिंगी आहे, याबद्दल वाद नाही. पुरुषाला उद्देशून वापरलेला स्त्रीलिंगी शब्द आपले लिंग सोडतोच असेही नाही. 'ती व्यक्ती आली' असे आपण मिशीवाल्या गृहस्थाबद्दलही म्हणतो. मग 'माउली आले' का चालते? माझ्या मते येथे एकाच शब्दाचे दोन वेगळे उपयोग आहेत आणि दोन्हींचे व्याकरण निराळे आहे.

पहिला उपयोग रूपकाचा. यात बोलणारा देवाला किंवा गुरूला खरोखरच आईच्या जागी ठेवतो, आणि मग क्रियापद, विशेषण, संबोधन सगळेच स्त्रीलिंगी होते. नामदेवांची म्हणून घरोघर गायली जाणारी 'येई हो विठ्ठले माझे माउली ये' ही आरती पाहा. आपण रोज म्हणतो म्हणून कानाला खटकत नाही. पण 'विठ्ठल' या पुल्लिंगी नामाचे संबोधन 'विठ्ठला' असे व्हायला हवे, आणि येथे आहे 'विठ्ठले', म्हणजे 'सीते', 'राधे' यांच्या चालीवरचे स्त्रीलिंगी संबोधन. नुसती उपमा देऊन कवी थांबलेला नाही. कटेवर हात ठेवून उभ्या असलेल्या देवाचे विभक्तिरूपच त्याने बदलून टाकले आहे. 'विठाई', 'विठाबाई' ही रूपे याच घरातली.

दुसरा उपयोग नावासारखा. वारकऱ्यांत नुसते 'माउली' म्हटले की ज्ञानेश्वर, ही खूणगाठ पक्की आहे; 'माउलींची पालखी', 'माउलींचा अश्व', 'माउलींचे प्रस्थान' यांत कोण माउली असे कोणी विचारत नाही. शब्द असा विशेषनामासारखा झाला की त्याला त्या व्यक्तीचे लिंग आणि आदरार्थी अनेकवचन लागते. म्हणून 'माउली म्हणतात', 'माउलींनी सांगितले' आणि भूतकाळात 'माउली निघाले'. 'माउली निघाल्या' असे कोणी म्हणत नाही, कारण त्यातून डोळ्यांसमोर कोणी बाईच येईल. याउलट 'लेकरांसाठी माउली धावून आली' या वाक्यात रूपक जिवंत आहे, तेथे 'आले' केले तर वाक्यातला प्राणच जातो. तेव्हा 'आले' आणि 'आली' दोन्ही शुद्ध आहेत. आपण नाव घेत आहोत की आई म्हणत आहोत, एवढे लिहिणाऱ्याने ठरवावे.

हा शब्द ज्ञानेश्वरांना चिकटला कसा, याचे एकच एक उत्तर देणे धाडसाचे होईल. पण त्यांनी स्वतः तो कसा वापरला हे पाहण्यासारखे आहे. शके 1212 म्हणजे इ. स. 1290 मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायाची सुरुवात 'जय जय वो शुद्धे । उदारे प्रसिद्धे' अशी होते. हे सगळे स्त्रीलिंगी संबोधन गुरूच्या कृपादृष्टीला आहे. ती दृष्टी साधकाला सतराव्या कळेचे, म्हणजे योग्यांच्या भाषेतल्या अमृताचे, स्तन्य पाजते, अनाहत नादाचा, म्हणजे ध्यानात आत ऐकू येणाऱ्या नादाचा, 'हल्लरु' किंवा अंगाई गाते, समजूत घालून निजवते. आणि मग ही ओवी येते:

म्हणौनि साधकां तूं माउली । पिके सारस्वत तुझिया पाउलीं । या कारणें मी साउली । न संडीं तुझी ॥

गुरू म्हणजे निवृत्तिनाथ, नात्याने थोरले बंधू. आईवडील लहानपणीच गेलेल्या धाकट्या भावाने थोरल्याच्या नजरेला आई म्हटले, आणि पुढे अवघ्या संप्रदायाने तोच शब्द त्या धाकट्याला दिला. मला तरी या शब्दाचा याहून चांगला दाखला ठाऊक नाही. माउली, पाउली, साउली हे यमकही निव्वळ नादासाठी जुळवलेले वाटत नाही: आईच्या पावलांमागे तिच्या सावलीतून चालणारे मूल त्यात दिसते. जनाबाईच्या नावावरच्या एका अभंगात तर नाते उलटेच होते; 'सखा माझा ज्ञानेश्वर' असे म्हणून ती त्यांनी आपल्या पोटी जन्म घ्यावा अशी इच्छा धरते.

'महाराज' या शब्दाची वाट वेगळी आहे. तोही वारकऱ्यांचाच आणि तोही आदराचाच. पण त्यात राजा आहे, आणि राजा म्हटला की गादी आली, गादी म्हटली की वारस आला. तुकारामांनीच ज्ञानदेवांना 'ज्ञानियांचा राजा गुरु महाराव' म्हटले, आणि लगेच स्वतःबद्दल 'पायींची वहाण पायीं बरी' असे म्हणून राजा आणि पामर यांतले अंतर दाखवले. फडाची, म्हणजे एका गुरुघराण्याभोवती जमलेल्या वारकऱ्यांच्या समूहाची, परंपरा पिढ्यानपिढ्या चालते तेव्हा तिच्याबरोबर 'महाराज' हे बिरुदही पुढच्या पिढीकडे जाते. 'माउली' मात्र कोणाकडे वारशाने गेलेले नाही. कीर्तनात कान देऊन ऐकले तर आणखी एक गंमत कळते: तुकोबांचा अभंग निरूपणाला घेतलेला असेल तर कीर्तनकार 'महाराज म्हणतात' असे म्हणतो, आणि मध्येच ज्ञानेश्वरीची ओवी आली की 'माउली म्हणतात'. नावे न घेता श्रोत्याला दोघे कळतात. स्वतः कीर्तनकारालाही लोक 'महाराज' म्हणतच असतात. पण कीर्तनात तो शब्द त्याचा नसतो.

नात्याचे शब्द या परंपरेला नवे नाहीत. आळंदीला 1917 मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढणारे विष्णुबुवा जोग हे 'जोग महाराज' झाले, पण त्यांचे शिष्य सोनोपंत दांडेकर लोकांचे 'मामा'च राहिले. गाडगेबाबा पाया पडू देत नसत. त्यांच्यासाठीही जवळचा शब्द 'बाबा' हाच. 'बुवा'चे मात्र दैव फिरले: कोकणात डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, पेटीवर बसणारा भजनी बुवा अजून मानाचा आहे, पण शहरी बोलण्यात 'बुवाबाजी'ने तो शब्द पार डागाळला, आणि 'मला नाही बुवा जमत' यात तर तो नुसते पालुपद होऊन बसला. इतर समाजांतही हाच शोध घेता येतो. महानुभाव पंथाच्या लीळाचरित्रात चक्रधरांना 'गोसावी' आणि 'सर्वज्ञ' म्हटले आहे, म्हणजे तेथे स्वामी आणि सेवक हे नाते आहे. वसईच्या कॅथलिक घरांत 'फादर' म्हणजे बाप, तर प्रोटेस्टंट मंडळ्यांत 'पाळक', म्हणजे मेंढरे राखणारा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वारीच्या रस्त्यावरच मिळते. दिवे घाट चढून सासवडकडे जाताना गर्दीत मी एकदा रस्त्याच्या मधोमध थबकलो होतो. मागून डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एका आजींचा आवाज आला, 'माउली, जरा वाट द्या.' पुढे वाहतूक सांभाळणारा पोलीस आजींनाही तेच म्हणत होता, 'चला माउली, डावीकडून.' दोघांनी मिळून तो शब्द अर्ध्या मिनिटात आम्हा दोघांना वाटून टाकला होता. तुकोबांच्या 'खेळ मांडियेला वाळवंटी घाई' या अभंगातले 'एक एका लागतील पायीं रे' हेच येथे जिभेवर येते. तेव्हा हयात माणसाला 'माउली' म्हणू नये असा नियम मुळीच नाही. उलट प्रत्येकाला म्हणावे अशीच रीत आहे.

मात्र जो शब्द हाकेत सर्वांचा आहे तो छापील पत्रिकेत एकाच नावामागे लावला की त्याची पदवी होते, आणि बाकीचे टाळकरी, विणेकरी, आचारी त्यातून वगळले जातात. मला ते पटत नाही. कीर्तनकारासाठी 'ह. भ. प. (हरिभक्तपरायण) अमुक महाराज' ही रूढ लिहिण्याची पद्धत पुरेशा मानाची आहे. पत्रिकेतली ओळ 'ह. भ. प. … महाराज यांचे काल्याचे कीर्तन' अशी असू द्यावी, 'माउलींच्या प्रतिमेचे पूजन' हे ज्ञानेश्वरांसाठी राखावे, आणि खाली निमंत्रणात 'सर्व माउलींनी महाप्रसादाचा लाभ घ्यावा' असे बहुवचन छापावे. त्यात महाराजही आले.