मंदीत टांकसाळ का थंडावते? : नाणेसंग्राहकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मी नाशिकरोडला राहतो आणि बँकेतून निवृत्त झालो आहे. मंदीत सरकारला पैशाची चणचण असते, तर मग टांकसाळी उलट कमी नाणी का पाडतात?

उत्तर : आपल्या नाशिकरोडला नोटा छापल्या जातात, नाणी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथे पाडली जातात. टांकसाळ नाणी पाडते ती सरकारी तूट भरून काढण्यासाठी नव्हे, तर बाजाराला लागणाऱ्या चिल्लरीसाठी. मंदीत उलाढाल घटल्याने चिल्लर कमी लागते, आणि त्याच वेळी घरोघरचे गल्ले फुटून वर्षानुवर्षे साठलेली नाणी बँकांत परत येतात. हे दुसरे कारण सहसा लक्षात घेतले जात नाही, पण माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. अमेरिकेत पाच सेंटची नाणी 2008 मध्ये 60 कोटींहून अधिक पाडली गेली होती, ती 2009 मध्ये जेमतेम 8.7 कोटींवर आली. 1929 नंतरच्या महामंदीत तर तिथे 1930 ते 1932 या तीन वर्षांत अर्ध्या डॉलरचे एकही नाणे पाडले गेले नाही.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये आहेत, पण 1922 च्या पुढचा एकही नाही. पुढचे रुपये हरवले असतील का? (एक शिक्षिका, सिन्नर)

उत्तर : हरवलेले नाहीत, बाई, ते पाडलेच गेले नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात चांदीचे रुपये प्रचंड प्रमाणात पाडले गेले होते, आणि युद्धानंतर ते सरकारी खजिन्यात परत येऊ लागल्यावर नव्यांची गरज उरली नाही. म्हणजे रुपये पाडण्यात पडलेल्या या खंडाची सुरुवात मंदीने केलेली नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, 1931 नंतर खेड्यापाड्यांतले दागिने मोडीत निघून सोने परदेशी गेले, आणि अशा काळात नव्या रुपयाची निकड भासण्याचे कारणच नव्हते. पुढचा रुपया थेट 1938 सालाचा, सहाव्या जॉर्जच्या छापाचा. 1939 सालाचा रुपया आज अतिशय दुर्मीळ आहे, कारण दुसऱ्या महायुद्धामुळे चांदीची टंचाई झाली आणि 1940 मध्ये रुपयातील चांदी सुमारे 92 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर आणली गेली. एक विनंती : लक्ष्मीपूजनाला काढाल तेव्हा हे रुपये चिंचेने घासू नका. चकाकी येते, पण संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते.

प्रश्न : संख्येने कमी पाडलेले नाणे महागच असते ना? (एक तरुण संग्राहक, ओझर)

उत्तर : नाही. अमेरिकेचा 1932 चा पाव डॉलर पाहा : सॅन फ्रान्सिस्कोत 4,08,000 पाडले गेले आणि डेन्व्हरमध्ये 4,36,800, तरीही कोऱ्या (न वापरलेल्या) स्थितीत डेन्व्हरचे नाणेच अधिक दुर्मीळ आहे. याउलट सॅन फ्रान्सिस्कोचा 1931 चा एक सेंट केवळ 8,66,000 पाडला गेला, पण तो दुर्मीळ ठरणार हे ओळखून अनेकांनी तेव्हाच जपून ठेवला, म्हणून आजही चांगल्या स्थितीत सापडतो. मंदीत सेंट बाजूला ठेवणे परवडत होते. पाव डॉलर मात्र घरखर्चाला लागत होता. म्हणून पाडले किती यापेक्षा कोऱ्या स्थितीत उरले किती, हे विचारावे.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. नहपान या प्राचीन क्षत्रप राजाची चांदीची नाणी एके काळी अगदी दुर्मीळ समजली जात. 1906 मध्ये जोगलथेंबीला 13,000 हून अधिक नाण्यांचा साठा सापडला आणि चित्र एका दिवसात पालटले. त्यांतील 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उमटवलेला आहे. सवड काढून अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयात जा. छापावर छाप ओळखण्याची नजर पुस्तकाने येत नाही.

प्रश्न : वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला दहा लाख मिळतील, फक्त आधी नोंदणी शुल्क भरा, असा मोबाइलवर संदेश आला आहे. (एक गृहिणी, पंचवटी)

उत्तर : भरू नका. ते 2012 चे स्मारक नाणे आहे, दुर्मीळ नव्हे. जुन्या नाण्यांच्या खरेदीविक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा त्या बँकेनेच 2021 मध्ये दिला होता. पैसे आधीच गेले असतील, तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा.