आजारी माणसाची सेवा करताना स्वतःकडे लक्ष देणं हा स्वार्थ आहे का?

अजिबात नाही. सलग १७ तास जागं राहिलं की माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी ढासळते, हे १९९७ मध्येच प्रयोगातून दिसलं आहे. अशा अवस्थेत तुम्ही औषधाचा डोस मोजणार?

घरी सांभाळणाऱ्यांचं तर आणखी अवघड, त्यांची ड्युटी संपतच नाही. आठवड्यातून एक रात्र तरी दुसऱ्या कुणावर सोपवा. 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्याला खरंच काम सांगा. आणि स्वतःच्या बीपीच्या गोळ्या चुकवू नका (हमखास चुकतात).

नर्स-डॉक्टरांना नुसतं 'ध्यान करा' म्हणणं मात्र मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटला (कामाच्या सततच्या ताणानं पार थकून जाण्याला) आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटलं. म्हणजे ड्युटीचं वेळापत्रकही बदलायला हवं.