‘कॉस्मोपॉलिटन’मधलं पूर

एका वाचकाचा प्रश्न आलाय: “अमेरिका आणि हंगेरीच्या बातम्यांत ‘ग्लोबलिस्ट’ शब्द वारंवार येतो. त्याला ‘जागतिकीकरणवादी’ म्हणावं का? शिवाय ‘कॉस्मोपॉलिटन’ या शब्दात सेमिटिकविरोध दडलेला आहे असं वाचलं. मुंबईला तर आपण कौतुकानं कॉस्मोपॉलिटन म्हणतो. मग हे कसं?”

आधी ‘सेमिटिकविरोध’ हा शब्द टाकून द्या. सेमिटिक हे भाषाकुळाचं नाव आहे, त्यात अरबीही येते. ‘अँटिसेमिटिझम’ शब्द रुळला तो 1879 मध्ये, विल्हेल्म मार याच्या बर्लिनमधल्या संघटनेमुळे. ज्यूंचा द्वेष उघड बोलण्याऐवजी त्याला शास्त्राचा कोट चढवायचा, एवढ्यासाठीच तो वापरात आणला गेला. आपल्याकडे ‘ज्यूद्वेष’ हा सरळ शब्द असताना तो कोट आपण कशाला घालायचा?

आता ग्लोबलिस्ट. बोलणं आयातशुल्काबद्दल असेल तर ‘जागतिकीकरणवादी’ चालेल, आणि जागतिकीकरणाला विरोध करणारा प्रत्येक माणूस ज्यूद्वेष्टा नसतो. पण सभेत पुढारी जेव्हा “ग्लोबलिस्ट आपला देश विकायला निघालेत” म्हणतो, तेव्हा तो धोरणाबद्दल बोलत नसतो, माणसांबद्दल बोलत असतो. कोणाबद्दल, ते सांगत नाही. श्रोत्यांना ते बरोबर कळतं. अशा ठिकाणी ‘जागतिकीकरणवादी’ लिहिलं की त्यातली शिवी गळून पडते आणि अर्थशास्त्राचा धडा उरतो. वृत्तवाहिन्यांवर हे भाषांतर ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

पण खरी गंमत आहे ‘कॉस्मोपॉलिटन’मध्ये.

काळ्या समुद्राच्या काठावरच्या सिनोपी गावातून हद्दपार झालेला ग्रीक तत्त्वज्ञ डायोजेनिस. त्याला कोणीतरी विचारलं, “तू कुठला?” आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूस पाच मिनिटांत विचारतो तोच प्रश्न. डायोजेनिस म्हणाला, “कोस्मोपोलितेस.” म्हणजे विश्वाचा नागरिक. शब्दाच्या जन्मकथेतच हद्दपारी आहे, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्यातला ‘पोलिस’, म्हणजे नगर, हा आपल्या संस्कृत ‘पुर्’चा सख्खा भाऊ. लिथुआनियन भाषेत किल्ल्याला ‘पिलिस’ म्हणतात, तो तिसरा. मूळ अर्थ तटबंदीची जागा. ल आणि र यांची अदलाबदल पाहून कोणी दचकू नये, ‘रलयोरभेदः’ आपल्याच परंपरेनं सांगून ठेवलंय. म्हणजे नागपूर, कोल्हापूर आणि मिनिआपोलिस यांची शेपटी एकच. ‘पोलितेस’ला आपला ‘पौर’, म्हणजे नगरातला माणूस, अगदी चपखल बसतो. म्हणून कॉस्मोपॉलिटन म्हणजे ‘विश्वपौर’. ‘बहुभाषिक’, ‘बहुरंगी’, ‘सर्वसमावेशक’ हे जे वर्तमानपत्री पर्याय आहेत त्यांत ते नगरच हरवतं. काही पंडित पुर् शब्द ‘पॄ’ धातूपासून, म्हणजे भरणे, पाळणे यापासून काढतात. त्या धातूत हवं ते बसवता येतं. ग्रीक आणि लिथुआनियन भावंडं समोर उभी असताना धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, डोकं खुपसून बसण्यात काय अर्थ आहे, मला कळत नाही.

हा सुंदर शब्द शिवी झाला तो मुख्यतः रशियात. 28 जानेवारी 1949 ला ‘प्रावदा’ या सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रात नाट्यसमीक्षकांच्या एका ‘देशभक्तिविरोधी’ गटावर लेख आला. त्यातले बहुतेक समीक्षक ज्यू होते. ‘ज्यू’ हा शब्द मात्र लेखात नव्हता. त्यानंतर कॉस्मोपॉलिटन मंडळींविरुद्ध जी मोहीम चालली, तिच्यात वर्तमानपत्रं काय करत? लेखकाचं रशियन टोपणनाव छापायचं आणि पुढे कंसात त्याचं जन्माचं ज्यू आडनाव. बाकीचं काम कंस करायचा. वर्षभर आधी, जानेवारी 1948 मध्ये, मिन्स्कला ज्यू नट सोलोमन मिखोएल्स यांचा खून करून तो वाहन अपघात म्हणून दाखवला गेला होता. ऑगस्ट 1952 मध्ये यिडिश या ज्यूंच्या भाषेत लिहिणाऱ्या लेखकांसह 13 जणांना गोळ्या घातल्या गेल्या. शब्दांचा काथ्याकूट मी करतो तो एवढ्यासाठी.

त्या मोहिमेतला शब्दप्रयोग होता ‘बेझरोद्नी कोस्मोपोलित’. इंग्रजीत त्याचं ‘रूटलेस’ झालं आणि मराठीत डोळे मिटून ‘मुळं नसलेला’. चूक! रशियनमध्ये मुळाला ‘कोरेन’ म्हणतात, ते इथे औषधालाही नाही. इथे आहे ‘रोद’, म्हणजे कूळ, वंश. त्याच रोदपासून ‘रोद्न्या’ म्हणजे नातलग, ‘रोदिना’ म्हणजे मायभूमी, ‘नारोद’ म्हणजे जनता. एका ‘बेझ’नं माणसाला या सगळ्यांतून बाहेर काढलं. ‘बाहेर’ हे मी शब्दशः म्हणतोय, कारण हा ‘बेझ’ संस्कृत ‘बहिः’चा भाऊ आहे. काही हौशी मंडळी त्याला आपल्या बेघर, बेवारसमधल्या ‘बे’शी जोडतात आणि ठासून सांगतात. तो ‘बे’ फारसी, जुन्या ‘अबे’पासून आलेला, त्याचं नातं ‘अप’शी. अर्थ जुळला म्हणून सोयरीक जुळत नाही.

मग इंग्रजीत मूळ आलं कुठून? माझा तर्क असा की ते जर्मनमधून आलं. 10 नोव्हेंबर 1933 ला बर्लिनच्या सीमेन्स कारखान्यात हिटलर कामगारांपुढे बोलला. राष्ट्राराष्ट्रांत भांडणं लावणारी एक छोटी, ‘वुर्झेललोझ’, आंतरराष्ट्रीय टोळी आहे, ही माणसं सगळीकडची आणि कुठलीच नाहीत, असं तो म्हणाला. ‘वुर्झेल’ म्हणजे मूळ. नाव त्यानं घेतलं नाही. श्रोत्यांतून कोणीतरी ओरडलं, “ज्यू!” सांकेतिक शब्द कसा चालतो ते त्या एका आरोळीत आहे. हे जर्मन मूळ इंग्रजी कानात आधीच बसलेलं होतं, म्हणून रशियन कुळाच्या जागी तेच लिहिलं गेलं, असं मला ठामपणे वाटतं. मराठीला दोन्ही एका दमात पकडता येतात: ‘ना कूळ ना मूळ’. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणणाऱ्या भाषेत याहून नेमकं भाषांतर होणार नाही.

हे ऐकल्यावर 15 मार्च 2018 चं, हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान यांचं बुडापेस्टमधलं भाषण वाचा. आपला शत्रू लपून वागणारा आहे, राष्ट्रीय नाही, आंतरराष्ट्रीय आहे, श्रमावर विश्वास नसलेला, पैशाचा सट्टा करणारा आहे, त्याला स्वतःचा देश नाही पण सारं जग आपल्या मालकीचं वाटतं, असं त्यांनी सांगितलं. ज्यू शब्द नाही. आदल्या वर्षी त्यांच्या सरकारनं ज्यू अब्जाधीश जॉर्ज सोरोस यांचा हसरा चेहरा छापून देशभर फलक लावले होते, शेवटचं हसू याला मिळू देऊ नका म्हणून. सोरोस यांचा जन्म बुडापेस्टचाच, 1930 चा. तरी त्यांना देश नाही!

आणि आपल्या कोकणातले ज्यू, बेने इस्रायली, पाहा. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं, आणि त्यांनी आडनावं लावली ती गावांची: पेणकर, किहीमकर, रोहेकर, दिवेकर. डायोजेनिसला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे लोक नावातच घेऊन फिरतात. एकोणिसाव्या शतकात मुंबईत जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी ज्यू प्रार्थना हिब्रूतून मराठीत आणल्या. राजपूरकर. त्यातलं पूर म्हणजे तोच ‘पोलिस’.