लिव्हरला ६०८ बेअरिंग घेऊ की ब्रासचा बुश? आणि शाफ्ट एसएसचा चालेल का?

तुम्ही लिहिलंय की ८ मिमीचा शाफ्ट आहे, त्यावर लिव्हर बसणार, कॅम (फिरता फिरता लिव्हरला ढकलणारी वेड्यावाकड्या आकाराची चकती) त्याला पुढेमागे हलवणार, आणि ज्याला विचारावं तो ६०८, म्हणजे ८ मिमी भोकाचं बॉल बेअरिंग, टाक म्हणतोय. ते "पुढेमागे" वाचलं आणि लिहायला बसलो, कारण ह्याच गोष्टीवरून माझं कामाच्या ठिकाणी एकदा भयंकर वाजलं होतं.

बॉल बेअरिंग टाकू नका. बुश टाका, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची साधी नळी.

तेव्हा मी लेथवर होतो. खोकी ढकलणारा एक लिव्हर होता, १२ मिमीची पिन, दोन्ही बाजूंना ६००१ नंबरची बॉल बेअरिंग. कॅम मिनिटाला ९०-एक वेळा ढकलायचा आणि लिव्हर १० अंश इकडे, १० अंश तिकडे, एवढंच त्याचं काम. ड्रॉइंग हातात आल्या आल्या मी म्हटलं इथे बुश पाहिजे. आमचे सीनियर म्हणाले, बुश आता कोण टाकतं, जुनं झालं ते, आणि लगेच कागद काढून लाइफचं गणित मांडलं, सी भागिले पी (बेअरिंगची क्षमता भागिले प्रत्यक्ष लोड), त्याचा घन, इतके दशलक्ष फेरे. लोड किरकोळ होता त्यामुळे उत्तर कित्येक वर्षं आलं. मी गप्प बसलो.

महिन्याभरात लिव्हर खडखडायला लागला. हाताने धरून हलवला तर प्ले सरळ जाणवायचा. नवीन बेअरिंग टाकली, परत तेच. दुसऱ्या वेळेला खापर माझ्यावर फुटलं, चार लोकांसमोर म्हणाले तू हातोड्याने ठोकून बसवतोस म्हणून रेसला (रिंगवरच्या बॉल पळायच्या खाचेला) डेंट पडतात. मी आयुष्यात बेअरिंग ठोकलेलं नाही. आतली रिंग पिनवर घट्ट जाते म्हणून दाब आतल्या रिंगवरच द्यायचा, त्या मापाची नळी लावून प्रेसवर, कारण बाहेरच्या रिंगवर दाब दिला की तो सगळा बॉलमधून जातो आणि रेस तिथल्या तिथे बाद होते. हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं आणि मी ते कधी सोडलं नाही, म्हणून ते बोलणं जास्त लागलं.

त्या दिवशी सुट्टी झाल्यावर थांबलो आणि खराब झालेलं बेअरिंग ग्राइंडरवर कापलं. शिल्ड काढली तेव्हाच आत ग्रीसचा रंग लालसर तपकिरी झालेला, बोटावर चोळलं तर बारीक कच लागत होती. रॉकेलमध्ये धुऊन रेस भिंगाखाली धरली. आठ बॉल होते आणि बरोब्बर आठ खुणा होत्या, सारख्या अंतरावर. आता खूण म्हटलं की सगळे डेंटच म्हणतात, पण मी खुणेच्या आत बघितलं. नव्या रेसवर कंपनीच्या ग्राइंडिंगच्या अगदी बारीक रेघा असतात, त्या खुणांच्या आत त्या रेघा पार पुसल्या गेल्या होत्या. मग एक जुनं पण चांगलं बेअरिंग घेतलं, मुद्दाम बाहेरच्या रिंगवर हातोडा घालून बसवलं, काढलं आणि तेही कापलं. त्याच्यातही खड्डे होते पण खड्ड्याच्या तळाशी त्या रेघा जशाच्या तशा दिसत होत्या, आणि लाल पावडर अजिबात नाही. म्हणजे ठोकल्यावर धातू दबतो, आणि आमच्या लिव्हरमध्ये तो झिजला होता. दुसऱ्या दिवशी दोन्ही तुकडे भिंगासकट सीनियरच्या टेबलावर ठेवले. ते तुकडे अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.

कारण सोपं आहे. पिन २० अंश फिरली की बॉल तेवढे फिरत नाहीत, त्या बेअरिंगमध्ये साधारण साडेसात-आठ अंशच सरकतात. दोन बॉलमधलं अंतर ४५ अंश. म्हणजे प्रत्येक बॉल आपल्या छोट्याशा पट्टीत दिवसभर पुढेमागे घासतोय, शेजाऱ्याच्या पट्टीपर्यंत कधी पोचतच नाही, त्यामुळे ग्रीस बाजूला ढकललं जातं आणि ते परत आत आणणारं कोणी नाही. मग कोरडा धातू धातूवर, त्याची पावडर गंजून लाल होते आणि तीच पावडर पुढे पॉलिश पेपरचं काम करते. सीनियरचं गणित चूक नव्हतं, पण ते सूत्र रेस थकून टवके निघण्याचं आहे, अशा घासण्याचं नाही. पूर्ण गोल फिरणाऱ्या पुलीला ते लावा, खुशाल लावा. डुलणाऱ्या लिव्हरला लावलं की काय होतं ते मी कापून बघितलंय.

शेवटी मीच फॉस्फर ब्राँझचे बुश काढले, आत लांबीच्या दिशेने ग्रीसचे खाचे, बाहेर निप्पल, पिन ईएन ३१ स्टीलची, हार्ड करून ग्राइंड केलेली, कडकपणा ६० एचआरसीच्या (रॉकवेल मापाच्या) आसपास. क्लिअरन्स २० ते ५० मायक्रॉनच्या मधला. मी तिथे होतो तोवर बुश एकदाच बदलला, पिन तीच राहिली. आणि असंच व्हायला हवं, झिजायचं तर मऊ आणि बदलायला सोप्या पार्टने झिजावं. बुश जुना झाला म्हणणाऱ्यांनी आधी तो कुठे टिकतो ते बघावं.

तुमच्याकडे. ८ मिमीला बाहेरून १२ चा बुश ठीक, लांबी शाफ्टच्या व्यासापेक्षा थोडी जास्त ठेवा. ब्रास हलक्या लोडला चालेल पण हातात असेल तर फॉस्फर ब्राँझ किंवा गनमेटलच घ्या. प्रेस केल्यावर बुशचं भोक आत दबतं, म्हणून रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) नेहमी बसवल्यानंतर मारा. कोणी तेल भरलेला सिंटर्ड (धातूच्या भुकटीचा, बारीक छिद्रांचा) बुश सुचवेल. तो पंख्याला, छोट्या मोटरला उत्तम, कारण शाफ्ट सलग फिरला की तेल छिद्रांतून वर येतं आणि थांबला की परत शोषलं जातं, पण १०-१५ अंशाच्या डुलण्यात हे नीट होत नाही. आणि त्याला रीमर मारू नका, छिद्रं लिंपली जातात.

शाफ्ट एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील, बहुतेक ३०४ ग्रेड म्हणत असाल. नको. तो हीट ट्रीटमेंटने हार्ड होत नाही, त्यावर लवकर ओरखडे येतात, आणि समोर पण ३०४ असेल तर दोन्ही एकमेकांना चिकटून जाम होतात. पाण्याचा संबंध असेल तर स्टेनलेसचेच ४२० किंवा ४४०सी ग्रेड हार्ड करून घ्या, नसेल तर तयार हार्ड डॉवेल पिन सगळ्यात सोपी. फक्त एक लक्षात ठेवा, डॉवेल पिन साधारण एम६ टॉलरन्समध्ये येते (हा आटा नव्हे, मापातल्या फरकाची खूण), म्हणजे ८ मिमीची पिन ६ ते १५ मायक्रॉन मोठीच असते, तिला एच७ रीमरच्या (म्हणजे जवळपास नेमक्या ८ मिमीच्या) भोकात टाकलंत तर ती फिरणारच नाही, भोक तेवढं मोठं करावं लागेल.

नायलॉनचा बुश पण कोणीतरी सांगेलच. नायलॉन ६ पाण्यात भिजत राहिलं तर वजनाच्या ९ टक्क्यांपर्यंत पाणी पितं आणि फुगतं, सुरुवातीला सैल असलेला बुश मग पिनला आवळून बसतो. प्लास्टिकच हवं असेल तर डेलरिन (अ‍ॅसिटल प्लास्टिक) घ्या, ते १ टक्कासुद्धा पीत नाही, पण तापलं की स्टीलच्या कितीतरी पट वाढतं म्हणून क्लिअरन्स ब्राँझपेक्षा जास्त ठेवा.

हां, आणि हे आधी सांगायला हवं होतं, लिव्हरच्या दुसऱ्या टोकाला कॅमवर चालणारा रोलर असेल तर तो पूर्ण फिरतो, तिथे बॉल बेअरिंग चालतं. पण ६०८ ची बाहेरची रिंग पातळ असते, ती हाउसिंगच्या आधाराने काम करायला केलेली आहे, थेट कॅमवर पळवायची असेल तर जाड रिंगवाला कॅम फॉलोअरच घ्या. आणि तुमचा लिव्हर ९०-१०० अंश हलत असेल तर माझं वरचं सगळं बरंच मवाळ होतं, तेव्हा ६०८ टिकू शकेल. किती अंश हलतो आणि मिनिटाला किती वेळा, ते तुम्ही लिहिलेलंच नाहीये. कोनमापक लावून मोजा आणि खाली कमेंटमध्ये टाका, मग बुशची लांबी नक्की सांगतो.